वर्गातल्या टाकीतले मासे पुन्हा पुन्हा का मरतात? निवड तपासण्याचा क्रम

दोन फुटी काचेची टाकी, तळाला वाळू, त्यात जिवंत वनस्पती, आणि दर दीड-दोन महिन्यांनी नवे मासे आणायची वेळ. प्राथमिक शाळांमधली ही तक्रार सगळीकडे सारखीच असते आणि ती बहुतेक वेळा औषधाने सुटत नाही. मासे दुकानात रंग पाहून निवडलेले असतात. ते निवडायला हवेत वर्गातली सर्वांत कठीण वेळ पाहून, आणि शाळेत ती वेळ म्हणजे सोमवारची सकाळ. सकाळची शाळा शनिवारी साडेअकराला सुटली आणि सोमवारी साडेसातला उघडली तर मध्ये ४४ तास जातात. तेवढा वेळ टाकीकडे कोणी पाहत नाही, खाणं पडत नाही आणि बऱ्याच शाळांत वीजही नसते. हे ४४ तास जो मासा सहज काढतो, तोच वर्गात टिकतो.

आधी लक्षण ओळखा

मासा मेला की तारीख, वार, वेळ आणि आदल्या दोन दिवसांत टाकीत काय केलं ते वहीत लिहा. हे काम मुलं आनंदाने करतात. चार-पाच नोंदी झाल्या की पुढच्यापैकी एक चित्र दिसायला लागतं.

- सकाळी, विशेषतः सोमवारी, सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि दुपारपर्यंत सावरतात: रात्री प्राणवायू कमी पडतो. तपासणी २ आणि ६.
- नवे मासे आणल्यावर तीन ते दहा दिवसांत एकामागून एक जातात: टाकी तयार झालेली नाही. तपासणी ७.
- पाणी बदललं त्याच दिवशी, काही तासांत मासे सैरभैर होऊन मरतात: क्लोरीन. तपासणी ५. जुन्या, घाण टाकीत हे घडलं तर ७ पण पाहा.
- मॉली किंवा गप्पी पंख मिटून एकाच जागी डुलत राहतात, पोट आत जातं: पाणी त्यांच्या मानाने फार मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. तपासणी ५.
- शेपट्या आणि पंख कुरतडलेले दिसतात: संगत चुकली. तपासणी १.
- सगळे मासे, गोगलगायींसकट, एका दिवसात जातात: काहीतरी विषारी आत गेलं. तपासणी ४.
- मासा गायब होतो आणि नंतर टेबलामागे वाळलेला सापडतो: झाकण बसवा. झेब्रा आणि फायटर दोघेही उडी मारतात.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चाकडे जातात. क्रम मोडू नका. अर्ध्याहून अधिक टाक्यांचं उत्तर पहिल्या चारमध्येच मिळतं.

१. टेप आणि मोजणी

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा, १००० ने भागा. दोन फुटी टाकी ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटरची. पण तळाला ५ सेंमी वाळू असते आणि वर ३ सेंमी जागा मोकळी सोडलेली असते. प्रत्यक्ष पाणी ४० लिटरच्या आसपास भरतं. हिशोब ४० चा करा. दुकानात तो ५४ चा होतो आणि तिथेच चार-पाच मासे जास्त विकले जातात.

मग आत काय आहे ते पाहा. पुढचे मासे असतील तर बाकीची कारणं शोधण्याआधी ते परत करा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या.

गोल्डफिश: हा वीस सेंमीपर्यंत वाढणारा, खूप खाणारा आणि तेवढीच घाण करणारा मासा आहे. चाळीस लिटरमध्ये त्याची घाण पचत नाही. शिवाय तो हायड्रिला फस्त करतो आणि इतर रोपं उपटून काढतो. वनस्पतींच्या टाकीत गोल्डफिश नको म्हणजे नकोच.

सकर: ‘काच साफ ठेवतो’ म्हणून हा प्रत्येक वर्गात पोचतो. तो फूटभर वाढतो, आणि शेवाळ जेवढं खातो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. काच साफ करायला गोगलगायी आणि एक जुनं टूथब्रश पुरे.

टायगर बार्ब: शेपट्या कुरतडतो. एंजल: लहानपणी गोड दिसतो, मोठा झाला की निऑनसारखे लहान मासे गिळतो. सिल्व्हर शार्क: फूटभर वाढतो, त्याला सहा फुटी टाकी लागते.

मिस केरळ या माशाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘आपल्या पश्चिम घाटातला मासा मुलांना दाखवू’ या चांगल्या हेतूने शिक्षक तो आणतात. २०१३ साली या माशाच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रीवरूनच ‘सह्याद्रिया’ हे शास्त्रीय नाव मिळालं. पण तो वाहत्या ओढ्यातला आहे, दहा सेंमीच्या पुढे वाढतो, कळपाने राहतो आणि जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. त्याचं चित्र भिंतीवर लावा, टाकीत त्याला ठेवू नका. आणि ज्यांच्या अंगावर रंग टोचून घातलेला असतो असे मासे कधीच घेऊ नका. ती जखमच असते.

२. मेन स्विच कोण बंद करतं?

हा प्रश्न शिपाई मामांना विचारा, मुख्याध्यापकांना नाही. बहुतेक शाळांत संध्याकाळी कुलूप लावताना मजल्याचा मेन स्विच खाली ओढला जातो. वर्गात कोणी ‘पंप चालूच ठेवायचा’ अशी चिठ्ठी लावलेली असते, पण वीजच नसते.

इथे काय बिघडतं ते समजून घ्या. दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात. अंधार पडला की माशांसारख्याच त्याही प्राणवायू वापरतात. म्हणजे हवेच्या पंपाची खरी गरज रात्री असते, आणि शाळेत नेमका रात्रीच तो बंद असतो. दाट लावलेल्या टाकीत पहाटे चार ते सहा हा सर्वांत वाईट काळ. त्यातच फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे, माशांची घाण पचवणारे जिवाणूही प्राणवायूवर जगतात. पाणी हललं नाही तर ते मरायला लागतात.

सोमवारी सकाळी स्पंज हाताने दाबून पाहा. तपकिरी गाळ निघाला आणि मातीसारखा वास आला तर ठीक. काळपट पाणी निघालं आणि सडक्या अंड्याचा वास आला तर जिवाणू गुदमरलेत. बंदिस्त डब्याचा फिल्टर असेल तर तो तसाच सुरू करू नका, डब्यातलं कुजकं पाणी एकदम टाकीत येतं. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळा आणि मग सुरू करा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील.

उपाय तीन आहेत. टाकीच्या प्लगला वेगळी लाइन घेणं सर्वांत चांगलं. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप दुसरा. त्याची बॅटरी किती तास टिकते ते आधी तपासून घ्या. आणि दोन्ही जमत नसेल तर मासाच असा निवडा जो वर येऊन हवेतून श्वास घेतो: फायटर किंवा हनी गौरामी. पंपाच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल आणि पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून बोर्डावर येतं.

३. खाणं कोण घालतं?

‘सर घालतात’ असं उत्तर मिळालं तरी डब्याची पातळी पाहा. आठ लहान माशांना महिन्याला लागतं त्याच्या पाचपट खाणं संपलेलं असतं. चाळीस मुलांपैकी सहा जणांनी मधल्या सुट्टीत एकेक चिमूट टाकली की झालं. न खाल्लेलं अन्न वाळूत कुजतं आणि त्यातून अमोनिया सुटतो.

आठवड्याच्या गोळ्यांची खणांची डबी मिळते ती आणा. सोमवार ते शुक्रवारच्या खणांत शिक्षकांनीच एकेका दिवसाचं खाणं भरावं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. ज्या मुलाची पाळी असेल त्याने त्या दिवसाचा खण रिकामा करावा. मोठा डबा कपाटात, कुलपात ठेवा. शनिवार-रविवार उपास. धडधाकट मोठा मासा आठवडाभर खाण्यावाचून राहतो. सुट्टीसाठी मिळणारे विरघळणारे पांढरे ठोकळे टाकू नका, लहान टाकीत ते पाणी नासवतात.

४. वर्गात काय फवारलं?

डासांचे स्प्रे, लिक्विड मशीन, झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल: यांतली पायरेथ्रॉइड गटाची औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे आणि कोळंबीसाठी अत्यंत विषारी असतात. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे फवारा थेट आत जातो. रूम फ्रेशनर, सॅनिटायझर लावलेले हात, फळ्याजवळचं स्पिरिट आणि सुट्टीत केलेलं रंगकाम हेही याच यादीत येतात. खडूची धूळ पृष्ठभागावर दिसते म्हणून तिच्यावर संशय जातो, पण तिने मासे मरत नाहीत.

फवारणी ठरली असेल तर मासे आदल्या दिवशी झाकणाच्या बादलीत दुसऱ्या खोलीत हलवा, टाकी प्लास्टिकने झाका, पंप बंद ठेवा आणि खोलीत दोन दिवस वारं खेळू द्या. टाकीशेजारी ‘इथे काही फवारू नये’ अशी पाटी गरजेची आहे.

५. पाणी: क्लोरीन आणि क्षार

क्लोरीनसाठी नळाचं पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवा, किंवा दुकानात मिळणारे अँटी क्लोरीनचे थेंब वापरा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनची मात्रा वाढते. गावात विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की त्या दिवशी पाणी भरूच नका. शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तो नमुना मोरीत ओतून द्या, टाकीत नाही.

क्षारांची तपासणी आणखी सोपी. शाळेच्या नळावर आणि बादलीच्या कडांना पांढरा थर जमतो का? साबण फेसाळत नाही का? मग पाणी जड आहे. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुतेक असंच असतं. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांमधलं, म्हणजे पावसाचं, आणि मऊ.

निवडीतला सर्वांत मोठा फाटा इथे आहे. गप्पी, प्लॅटी आणि मॉली जड पाण्यातले. हार्लेक्विन रासबोरा, निऑन आणि चेरी बार्बला मऊ पाणी मानवतं. मुंबईत मॉली डुलत डुलत मरतात आणि बोअरच्या पाण्यात निऑन टिकत नाहीत, त्याचं कारण हेच. मॉलीला मीठ घालून जगवायचा सल्ला दुकानात मिळेल. मिठाने वनस्पती जळतात. पाण्याशी भांडण्यापेक्षा मासा बदला.

६. थर्मामीटर

काचेच्या आतून चिकटवायचा साधा थर्मामीटर लावा आणि सकाळी शाळा उघडताच, तसंच दुपारी दोनला नोंद घ्या. सकाळ-दुपारमध्ये ४ अंशांहून जास्त फरक असेल तर टाकी खिडकीपासून हलवा. हलवताना आधी पाणी उपसा. भरलेली दोन फुटी टाकी वाळूसकट ६० किलोच्या वर जाते आणि तशी उचलली तर सांधे सुटतात.

२५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. विदर्भात मार्चनंतर बंद वर्गात हीच दुहेरी अडचण होते. झाकणाला जाळी लावून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर कोरड्या हवेत २-३ अंश उतरतात. कोकणच्या दमट हवेत तेवढे नाही. बर्फ टाकू नका.

थंडीत नाशिक, पुणे, नागपूरकडे पहाटे पाणी १८ पर्यंत जातं. चाळीस लिटरला ५० वॉटचा हीटर पुरतो, पण रात्री मेन स्विच बंद होत असेल तर तो नुसता दिखावा. तिथे झेब्रा घ्या, त्याला १८ अंश चालतात. फायटरला २४ च्या खाली त्रास होतो.

७. अमोनियाचं किट

आता पैसे खर्च करा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत.

माशांची घाण म्हणजे अमोनिया. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी १४ जूनला भरली आणि १५ ला शाळेच्या पहिल्या दिवशी दहा मासे सोडले, तर महिना संपेपर्यंत ते मरणारच. कोणताही मासा निवडा.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तेही मोजा. पीएच ७ ला एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. ८ ला तो पाचाच्या आसपास जातो. म्हणून घाण झालेल्या, पीएच उतरलेल्या टाकीत बोअरचं जास्त पीएचचं ताजं पाणी एकदम अर्धं भरलं की कालपर्यंत बरे असलेले मासे आज मरतात. पाणी दर आठवड्याला, एकावेळी पाचवा हिस्सा, म्हणजे एक लहान बादली, ८ लिटर.

किटमध्ये अमोनिया दिसला तर खाणं बंद करा, रोज १० लिटर पाणी बदला आणि शून्य येईपर्यंत नवा मासा आणू नका. ओळखीच्या, निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर आपल्या टाकीत पिळा. त्याने आठवडे वाचतात.

८. आता मासे निवडा

आधी वनस्पती: व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, वर तरंगतं हॉर्नवर्ट. टायमरवर सहा ते आठ तास दिवा. महिनाभर मासा नाही. एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाका म्हणजे जिवाणूंना काम मिळेल. मग चाळीस लिटरला यांपैकी एकच बेत:

जड पाणी असेल तर सहा ते आठ नर गप्पी आणि थोड्या गोगलगायी. नरच घ्या. माद्या असतील तर साधारण महिन्याला २०-३० पिल्लं होतात आणि दिवाळीपर्यंत टाकी भरून जाते. दुकानातल्या मोठ्या शेपटीच्या गप्पींपेक्षा आरोग्य विभाग डासांच्या अळ्यांसाठी विहिरी-टाक्यांत सोडतो ते साधे, राखाडी गप्पी कितीतरी काटक असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. दिसायला साधे, पण मुलांना त्यांचं काम सांगता येतं: हे मासे मलेरियाच्या डासाच्या अळ्या खातात.

मऊ पाणी आणि रात्रभर वीज असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, किंवा सहा चेरी बार्ब: दोन नर, चार माद्या. सोबत दहा चेरी कोळंब्या, पण पाणी ३० च्या वर जाणार नसेल तरच. निऑन तीन महिने झालेल्या टाकीतच.

रात्री वीज नाही आणि गाव उबदार, म्हणजे मुंबई किंवा कोकण: चार हनी गौरामी. घेताना नाव नीट विचारा. नुसतं ‘गौरामी’ म्हणून निळा गौरामी देतात, तो १२ सेंमीच्या पुढे वाढतो. किसिंग गौरामी त्याहून मोठा. किंवा एकटा फायटर आणि गोगलगायी. फायटरसोबत गप्पी नकोत, त्यांच्या शेपट्यांवर तो तुटून पडतो.

थंडीचं गाव: सहा झेब्रा, घट्ट झाकण आणि बॅटरीचा पंप. झेब्राला प्राणवायू जास्त लागतो, पंपावाचून चालत नाही.

टाकी २० लिटरच्या आत असेल तर मासा नकोच. कोळंबी, गोगलगायी आणि वनस्पती ठेवा. मुलं त्याच्याकडेही तासन्‌तास पाहतात.

निम्मे मासे आधी, बाकीचे दोन आठवड्यांनी आणि किट पुन्हा शून्य दाखवल्यावर. पिशवी २० मिनिटं तरंगत ठेवा, दर दहा मिनिटांनी एकेक कप टाकीचं पाणी आत घाला, आणि पाऊण तासाने मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. मे महिन्याच्या सुट्टीत मासे कोणाच्या घरी जाणार हे आणण्याआधी ठरवा. सुट्टी लागली म्हणून ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडायचे नाहीत. सकर तसेच सुटून देशातल्या अनेक जलाशयांत पसरले आहेत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर पुन्हा हात घालू नका. मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हीटर बंद केल्याशिवाय कोणीही पाण्यात हात घालायचा नाही, शिक्षकांनीही नाही.

काचेला तडा गेला किंवा सांध्यातून पाणी झिरपलं तर बाहेरून सिलिकॉन फासू नका. टाकी रिकामी करा, टाकी बनवणाऱ्याकडे द्या.

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर दुकानातलं औषध वेगळ्या बादलीत द्या, कोळंबी असलेल्या टाकीत नाही. तांब्याच्या औषधाने कोळंबी मरते. एकदा पूर्ण १४ दिवस देऊन फरक पडला नाही तर दुसरी बाटली आणू नका.

मासे आठवड्यागणिक खंगत असतील, पाठीचा कणा वाकत असेल, अंगावर न भरणाऱ्या जखमा असतील, तर तो माशांचा क्षय असू शकतो. त्याचा जिवाणू हातावरच्या कापलेल्या जागेतून माणसाच्या त्वचेत शिरतो. मुलांचे हात त्या दिवसापासून टाकीबाहेर. कोणाच्या हातावर आठवडे न बरी होणारी गाठ दिसली तर डॉक्टरकडे न्या आणि वर्गात माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर निदान लांबतं.

आणि वरच्या आठही तपासण्या नीट निघाल्या, तरी मासे मरतच आहेत, तर नवे मासे आणणं बंद करा. रत्नागिरीत शिरगावला, तसंच नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तिथल्या प्राध्यापकांशी आधी फोनवर बोला. नमुना मागितला तर आजारी पण जिवंत मासा टाकीच्याच पाण्याच्या पिशवीत न्या. नुकताच मेलेला असेल तर पिशवीत घालून बर्फावर, फ्रीजरमध्ये गोठवून नाही. सोबत स्वच्छ धुतलेल्या बाटलीत एक लिटर टाकीचं पाणी, एक लिटर नळाचं पाणी आणि मुलांनी लिहिलेली ती वही.